क्लाउड सर्व्हरवर स्वतःच्या डोमेनचा ईमेल: आधी पोर्ट २५ बघा, मग बाकीचं

भोसरीतलं वर्कशॉप असो, सदाशिव पेठेतला क्लास असो की बाणेरमधली पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी, प्रश्न एकाच वाटेने येतो. वेबसाइटसाठी क्लाउडवर सर्व्हर घेऊन झालेला असतो, दर महिन्याचं बिल चालू असतं आणि कुणीतरी म्हणतं, "मग मेलही यावरच टाका की." टाकता येतो. फक्त मेल घेणं आणि मेल पाठवणं ही दोन निराळी कामं आहेत. घेणं तुमच्या हातात आहे: सर्व्हर नीट बांधला की मेल येतो. पाठवलेला मेल इनबॉक्समध्ये पडेल की स्पॅममध्ये, हे मात्र समोरचा सर्व्हर ठरवतो, आणि ठरवताना तुमच्या आयपी पत्त्याचा पूर्वेतिहास बघतो. क्लाउडवरचा आयपी तुमच्याआधी कुणीतरी वापरलेला असतो आणि त्याने काय उद्योग केले ते तुम्हाला माहीत नसतं.

म्हणून पहिल्यांदाच हे करणार असाल तर येणारा मेल स्वतःच्या सर्व्हरवर घ्या आणि जाणारा एखाद्या रिले सेवेतून, म्हणजे तुमच्या वतीने मेल पुढे पोचवणाऱ्या कंपनीतून पाठवा. थेट पाठवायचंच असेल तर काय लागतं, तेही पुढे सांगितलं आहे.

डेबियन किंवा उबुंटूवर एसएसएचने शिरणं, पॅकेज टाकणं, फाइल बदलणं तुम्हाला येतं असं धरलं आहे. उदाहरणासाठी डोमेन तुमचंडोमेन.इन आणि सर्व्हर मेल.तुमचंडोमेन.इन घेतला आहे. फाइलींची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत आहेत. सर्व्हरवर ती इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायची.

हाताशी काय हवं

- डोमेनच्या डीएनएस पॅनेलचा पासवर्ड. आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासा. वेबसाइट बनवणाऱ्याने ते स्वतःच्याच खात्यात घेतलेलं असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे.
- २ जीबी रॅमचा सर्व्हर. क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस चालवणार असाल तर ४ जीबी, कारण तो एकटाच जीबीभर खातो. मेलकाऊसारखा तयार संच हवा असेल तर त्याची किमान अपेक्षा ६ जीबीची आहे.
- न बदलणारा आयपी. एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) साधा पब्लिक आयपी सर्व्हर बंद करून चालू केला की बदलतो, तिथे इलॅस्टिक आयपीच घ्या.
- या डोमेनबाहेरचा एक ईमेल पत्ता. क्लाउडचं आणि डोमेनचं खातं त्यावर नोंदवा. दोन्ही खाती याच नव्या मेलवर ठेवली आणि सर्व्हर पडला, तर पासवर्ड बदलायचा मेलही त्याच पडलेल्या सर्व्हरवर येणार.
- पैशांची पक्की सोय. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांची कार्डावरची आपोआप वसुली मध्येच अडते. बिल थकलं की सर्व्हर बंद आणि मेलही बंद. शक्य असेल तिथे आगाऊ रक्कम भरून ठेवा.

१. पोर्ट २५ उघडं आहे का ते बघा

हे सगळ्यात आधी करा, पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) टाकण्याच्याही आधी. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल जातो तो पोर्ट २५ वरून, आणि स्पॅमवाल्यांमुळे बहुतेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं हे पोर्ट बंदच ठेवतात. तपासणी सोपी आहे: सर्व्हरवरून जीमेलच्या एमएक्स, म्हणजे मेल घेणाऱ्या सर्व्हरला पोर्ट २५ वर टेलनेट किंवा नेटकॅट लावा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर वाट मोकळी आहे. काहीच न येता मिनिटभराने टाइमआउट झाला तर कंपनीने अडवलं आहे, आणि तुमच्या सर्व्हरवरचा फायरवॉल कितीही उलटासुलटा केला तरी उपयोग नाही.

कोण काय करतं:

एडब्ल्यूएस ईसी२ वर बंद. अर्ज करून उघडून मागता येतं, अर्जात कशासाठी हवं आणि गैरवापर कसा टाळाल ते लिहावं लागतं. गूगल क्लाउडवर सहसा बंदच, ५८७ आणि ४६५ मात्र चालतात. डिजिटलओशन ड्रॉपलेटवर (त्यांच्याकडे सर्व्हरला हेच म्हणतात) तर २५, ४६५ आणि ५८७ तिन्ही अडवतं, त्यामुळे तिथून रिले वापरायचा तर २५२५ सारखं पर्यायी पोर्ट देणारी सेवा शोधावी लागते. अझूरचा 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यातच आहे, म्हणून इथले बरेच जण तोच निवडतात. पण वापराल तसे पैसे भरण्याच्या साध्या खात्यावर अझूर पोर्ट २५ उघडून देत नाही. आणि सर्व्हर जवळ असल्याचा मेलला काडीचा फायदा नाही. चार मिलिसेकंदांनी कुणाचं कोटेशन उशिरा पोचत नाही.

ही बंदी बाहेर जाणाऱ्या मेलवर आहे. आत येणारं पोर्ट २५ तुम्ही क्लाउडच्या फायरवॉलमध्ये उघडलं की उघडतं.

२. सर्व्हरचं नाव आणि आयपीची उलटी नोंद

होस्टनेम पूर्ण द्या: मेल.तुमचंडोमेन.इन, नुसतं 'मेल' नाही. क्लाउडच्या इमेजमध्ये क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम असतो. तो रीबूटनंतर होस्टनेम आणि होस्ट्स फाइल पुन्हा आपल्या मर्जीने लिहू शकतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करा आणि एकदा रीबूट करून नाव टिकतं का ते बघा.

टाइमझोन एशिया/कोलकाता करा (यात ए आणि के मोठ्या लिपीत). क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, आणि मग "सकाळी साडेदहाला पाठवला" म्हणणाऱ्याचा मेल लॉगमध्ये पाच वाजता सापडतो.

उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, आयपीवरून नाव सांगते. ती डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही. आयपी क्लाउड कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे ती त्यांच्याच पॅनेलमध्ये टाकायची. डिजिटलओशनवर ड्रॉपलेटला जे नाव द्याल तेच पीटीआर बनतं, म्हणून ड्रॉपलेटचं नावच मेल.तुमचंडोमेन.इन ठेवा. एडब्ल्यूएसवर आधी डीएनएसमध्ये ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) करावी लागते, मगच उलटी नोंद स्वीकारली जाते. समोरचा सर्व्हर सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा वागतो: आलेल्याला नाव विचारतो आणि वर फ्लॅटमध्ये फोन लावून खात्री करतो. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी, दोन्ही जुळलं पाहिजे.

फक्त रिलेतून पाठवणार असाल तर पीटीआर नसला तरी अडणार नाही. तरी करून टाका.

३. डीएनएसमध्ये एमएक्स

डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते एमएक्स नोंद सांगते. दोन नोंदी लागतात. मेल.तुमचंडोमेन.इन ची ए नोंद सर्व्हरच्या आयपीकडे, आणि तुमचंडोमेन.इन ची एमएक्स नोंद मेल.तुमचंडोमेन.इन कडे, प्राधान्य १०. एमएक्समध्ये थेट आयपी लिहायचा नाही आणि ज्या नावाला सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) आहे तेही चालत नाही.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर 'मेल' या नावासमोरचा नारिंगी ढग बंद करून 'डीएनएस ओन्ली' करा. ढग चालू राहिला तर नाव क्लाउडफ्लेअरच्या आयपीकडे जातं आणि तिथे मेल घ्यायला कुणी नसतं. वेबसाइट झकास चालू आणि मेल गायब, असं झालं की आधी इथेच बघा.

४. पोर्ट आणि सर्टिफिकेट

आत येणारी ही पोर्ट उघडा: २५ इतर सर्व्हरांसाठी, ५८७ आणि ४६५ तुमच्या माणसांनी मेल पाठवण्यासाठी, ९९३ आयमॅपसाठी (फोन-संगणकावर मेल वाचण्यासाठी), ८० सर्टिफिकेट मिळवण्यासाठी. फायरवॉल दोन असतात, एक क्लाउडच्या पॅनेलमध्ये आणि एक सर्व्हरवर. एकच उघडून दुसरा विसरणं फार सहज होतं.

सर्टबॉटने लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट घ्या, मेल.तुमचंडोमेन.इन या नावासाठी. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) दोघांनाही 'फुलचेन' फाइल द्या. नुसती 'सर्ट' फाइल दिली तर काही फोन चालवून घेतात, काही तक्रार करतात, आणि दोष फोनचा वाटत राहतो. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं, पण चालू असलेल्या डोव्हकॉटला ते कळत नाही. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय' हुकमध्ये दोन्ही सेवा रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा.

५. पोस्टफिक्स: मेल घेणं

पॅकेज टाकताना 'इंटरनेट साइट' निवडा. मग मेन.सीएफ मध्ये मोजकेच बदल करायचे. इंटरनेटवरून चाळीस ओळी उचलून चिकटवण्यातून जेवढे घोळ होतात तेवढे कशातूनच होत नाहीत.

मेलबॉक्स लिनक्सच्या खात्यांवर न ठेवता व्हर्च्युअल ठेवा. म्हणजे 'व्हीमेल' नावाचा एकच सिस्टिम युजर, आणि सगळ्यांचे मेल त्याच्या फोल्डरमध्ये मेलडिर पद्धतीने. नवीन माणूस आला की सर्व्हरवर लॉगिन द्यावं लागत नाही.

- तुमचंडोमेन.इन हे 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स' मध्ये लिहा आणि 'मायडेस्टिनेशन' मधून काढा. दोन्हीकडे असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल "युजर अननोन" म्हणून परत जातो.
- 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स' मध्ये खऱ्या पत्त्यांची यादी द्या, आणि यादी बदलली की दरवेळी पोस्टमॅप (यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी आज्ञा) चालवा. यादीच दिली नाही तर पोस्टफिक्स कुठल्याही पत्त्याचा मेल आधी घेतो आणि नंतर परत पाठवतो. स्पॅमवर प्रेषक खोटा असतो, म्हणजे तो परतीचा मेल भलत्याच माणसाला जातो आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो.
- 'व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट' डोव्हकॉटच्या एलएमटीपी सॉकेटकडे वळवा, म्हणजे आलेला मेल डोव्हकॉट मेलबॉक्समध्ये टाकेल.
- 'मायनेटवर्क्स' मध्ये फक्त सर्व्हर स्वतः. ऑफिसातून मेल जात नाही म्हणून इथे ऑफिसच्या ब्रॉडबँडची अख्खी रेंज टाकू नका. त्या रेंजमधल्या कुणालाही तुमच्या नावाने मेल पाठवता येईल.
- 'मेसेज_साइझ_लिमिट' मुळात सुमारे १० एमबी असतं. अटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ८ एमबीची ड्रॉइंगची पीडीएफसुद्धा परत येते. २५ ते ३० एमबी करा.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते चालू ठेवा आणि कुणीतरी खरोखर वाचा. तक्रारी तिथेच येतात.

आता मास्टर.सीएफ. त्यात 'सबमिशन' चा भाग पुढे हॅश लावून बंद केलेला असतो. हॅश काढताना 'सबमिशन' ची ओळ अगदी डावीकडून सुरू झाली पाहिजे, आणि खालच्या पर्यायांच्या ओळींपुढची मोकळी जागा राहिली पाहिजे. मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ पोस्टफिक्स आधीच्या ओळीचा भाग मानतो. त्या भागात टीएलएस (एन्क्रिप्शन) सक्तीचं आणि सॅसल ऑथ (लॉगिन तपासणी) चालू करा. ४६५ चा भागही तसाच उघडा.

६. डोव्हकॉट: मेलबॉक्स आणि पासवर्ड

कॉन्फिग लिहिण्याआधी आवृत्ती बघा. उबुंटू २४.०४ मध्ये डोव्हकॉट २.३ आहे, डेबियन १३ मध्ये २.४. या दोहोंत कॉन्फिगची भाषाच बदलली आहे: जुनं 'मेल_लोकेशन' गेलं आणि 'मेल_ड्रायव्हर' व 'मेल_पाथ' आले, 'एसएसएल_सर्ट' चं 'एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल' झालं, आणि फाइलीच्या सुरुवातीला कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते. नेटवरचे बहुसंख्य धडे २.३ चे आहेत. डेबियन १३ वर ते जसेच्या तसे टाकले तर डोव्हकॉट सुरूच होत नाही.

पाच-पन्नास मेलबॉक्सांसाठी डेटाबेस नको, साधी पासवर्ड फाइल पुरते. पासवर्ड डोव्हकॉटच्या डोव्हअॅडम या आज्ञेने हॅश करून टाका. पोस्टफिक्सला लॉगिन तपासता यावं म्हणून डोव्हकॉटचा ऑथ सॉकेट /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट या फोल्डरमध्येच तयार करायचा, मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. पोस्टफिक्सचे बरेच भाग डेबियनवर याच स्पूल फोल्डरमध्ये कोंडलेले असू शकतात, आणि मग त्याबाहेरचा सॉकेट त्यांना दिसत नाही.

फोनमध्ये भरताना: आयमॅप ९९३ एसएसएल/टीएलएस, एसएमटीपी ४६५ एसएसएल/टीएलएस किंवा ५८७ स्टार्टटीएलएस, युजरनेम म्हणजे पूर्ण पत्ता. लोक युजरनेममध्ये नुसतं 'इन्फो' भरतात आणि पासवर्ड चुकतोय म्हणून फोन करतात.

७. जाणारा मेल: रिले की थेट

रिलेसाठी मेन.सीएफ मध्ये 'रिलेहोस्ट' ला सेवेचं नाव चौकटी कंसात आणि पुढे :५८७ असं द्या. चौकटी कंस नसला तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधत बसतो. सॅसल चालू करा, पासवर्डची फाइल करा, पोस्टमॅप चालवा, दोन्ही फाइलींची परवानगी ६००. डेबियन-उबुंटूवर 'लिबसॅसल२-मॉड्यूल्स' हे पॅकेज नसेल तर युजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही "नो मेकॅनिझम अव्हेलेबल" येतं.

अॅमेझॉनची एसईएस ही रिले सेवा मुंबई रीजनमध्ये मिळते. नवीन खातं सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडण्यासाठी अर्ज करावा लागतो, तो पहिल्याच दिवशी करा. एसईएसचा एसएमटीपी पासवर्ड म्हणजे एडब्ल्यूएसची सीक्रेट की नव्हे. तो वेगळा तयार करायचा, आणि तो ज्या रीजनमध्ये केला तिथेच चालतो.

थेट पाठवणार असाल तर पोर्ट २५ उघडं, पीटीआर जुळलेला आणि आयपी स्पॅमहाउस या संस्थेच्या काळ्या यादीत नसलेला, हे तिन्ही हवं. यादीत असेल तर झगडत बसू नका, दुसरा आयपी घ्या. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल आणि त्याचा पीटीआर नसेल तर जीमेल मेल नाकारतं, आणि पोस्टफिक्स कधी व्ही६ ने तर कधी व्ही४ ने जातो, म्हणून काही मेल पोचतात, काही नाहीत. पीटीआर करा, नाहीतर 'इनेट_प्रोटोकॉल्स' ला आयपीव्ही४ इतकंच द्या.

८. एसपीएफ, डीकिम, डीमार्क

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे या तपासण्या फसल्या तर काय करायचं त्याची सूचना. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम हवंच. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडे तिन्ही हवीत. तुम्ही दिवसाला वीस पाठवत असलात तरी तिन्ही करा.

एसपीएफ ही टीएक्सटी नोंद आहे: 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स ~ऑल'. रिले असेल तर त्या सेवेचा 'इन्क्लुड' मध्ये घाला. डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. जुन्या होस्टिंगवाल्याची एक आणि तुमची एक अशा दोन झाल्या तर दोन्ही बाद. शिवाय तपासताना डीएनएसची विचारणा जास्तीत जास्त १० वेळा चालते. न्यूजलेटर, सीआरएम, रिले असे 'इन्क्लुड' जोडत गेलं की मर्यादा नकळत ओलांडली जाते.

डीकिमची सही रिले सेवा करून देते. थेट पाठवणाऱ्यांनी आरस्पॅमडी या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावी, म्हणजे ओपनडीकिम वेगळं टाकायला नको. की २०४८ बिटची. ती २५५ अक्षरांत बसत नाही, त्यामुळे काही पॅनेलमध्ये अवतरणचिन्हांचे दोन तुकडे करून टाकावी लागते. दुसरा सापळा नावाचा: बरीच पॅनेल डोमेन स्वतःहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत तर शेवटी तुमचंडोमेन.इन.तुमचंडोमेन.इन असं काहीतरी तयार होतं, आणि नोंद दिसत असूनही सापडत नाही.

डीमार्कची नोंद '_डीमार्क' या नावाने, सुरुवातीला 'पी=नन' आणि अहवाल येण्यासाठी एक पत्ता. दोन-तीन आठवडे अहवाल बघा. टॅलीवाला, वेबसाइट, पगाराच्या स्लिप पाठवणारं सॉफ्टवेअर, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते तेव्हाच कळतं. सगळे नीट बसले की 'पी=क्वारंटाइन', म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये.

वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचं काय? तिथे फ्रॉममध्ये चौकशी करणाऱ्याचा जीमेल पत्ता टाकलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवतोय, आणि तो अडतो. फ्रॉममध्ये स्वतःचा पत्ता आणि रिप्लाय-टूमध्ये चौकशी करणाऱ्याचा, असं करून घ्या. त्याच फॉर्मच्या विषयात मराठी असेल तर तो माइम पद्धतीने एन्कोड करायला सांगा, नाहीतर विषयाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

मालकाला सगळा मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून हवा असतो. शक्यतो देऊ नका. फॉरवर्ड करताना एसपीएफ तुटतं आणि आलेला स्पॅमही तुमच्याच आयपीवरून जीमेलला जातो. त्यांच्या फोनमधल्या जीमेल अॅपमध्ये हे खातं आयमॅपने जोडून द्या. हवं ते एकाच जागी दिसतं.

९. येणारा स्पॅम

आरस्पॅमडी आणि रेडिस (त्याची माहिती साठवणारा डेटाबेस) टाका, आरस्पॅमडी पोस्टफिक्सला मिल्टर (मेल तपासणारा फिल्टर) म्हणून जोडा, पोर्ट ११३३२. स्पॅमहाउसची यादी वापरण्याआधी त्यांच्या व्यावसायिक वापराच्या अटी वाचा, आणि सर्व्हरचा डीएनएस तपासा. गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं त्रुटीचं उत्तर देतं. पोस्टफिक्समध्ये फक्त 'आरबीएल' (काळ्या यादीची तपासणी) लिहून ठेवलं असेल तर तो कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं समजतो आणि येणारा सगळाच मेल नाकारतो. अनबाउंड टाकून सर्व्हरचा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची विचारणा करणारा प्रोग्रॅम) चालवा.

फेल२बॅन (पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) पहिल्याच दिवशी लावा. पासवर्ड अंदाजाने ठोकून बघणारे पोर्ट उघडल्यापासून येऊ लागतात.

१०. चाचणी

जीमेलला मेल पाठवा, तिथे 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींसमोर पास हवं. मग मेल-टेस्टर या साइटने दिलेल्या पत्त्यावर मजकूर असलेला खरा मेल पाठवा. फक्त "टेस्ट" लिहिलेल्या मेलचे गुण उगाच कमी येतात.

अडलं तर लॉग वाचा. ५५० ५.७.२६ म्हणजे जीमेलला तुमची ओळख पटली नाही, आठवा टप्पा पुन्हा बघा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरता नकार, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करतो. "रिले अॅक्सेस डिनाइड" आला तर पाठवणाऱ्याने लॉगिन केलेलं नाही किंवा त्याचा फोन २५ वर पाठवतोय.

११. जुना मेल हलवणं

आधीच्या होस्टिंगवर मेल असेल तर एमएक्स बदलण्याच्या दोन दिवस आधी त्याचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ साठवून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. आयमॅपसिंकने जुने मेल नव्या सर्व्हरवर आणून ठेवा, मग एमएक्स बदला, मग आयमॅपसिंक पुन्हा एकदा चालवा. मधल्या काळात जुन्या जागी पडलेले मेल त्या दुसऱ्या फेरीत येतात. नवा सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी घाबरून एमएक्स मागे फिरवू नका. पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्सची ही मुदत मुळात ५ दिवसांची असते.

बॅकअप रोज घ्या आणि दुसऱ्या कंपनीच्या खात्यात ठेवा: व्हीमेलचा फोल्डर, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटचे कॉन्फिग, डीकिमची खासगी की. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, निदान महिनाभर राहू द्या. कुणाचा तरी दहा वर्षांपूर्वीचा पीओपी३ वर चालणारा आउटलुक त्या जुन्या सर्व्हरलाच विचारत असतो आणि तो कुठल्या टेबलावर आहे ते तेव्हाच सापडतं.